सावेदादांचा कॅमेरा आणि आपल्या माळ्यावरची कॅसेट

वाशीतील आमच्या घरी माळा आवरताना एक पुठ्ठ्याचा खोका सापडला. त्यात आठ मिलिमीटरच्या सहा व्हिडिओ कॅसेट होत्या. एकीवर 'पहिला वाढदिवस, १९९४' अशी चिठ्ठी होती. ओळखीच्या एका घरातून चालू स्थितीतला कॅमकॉर्डर मिळाला आणि आम्ही ती कॅसेट टीव्हीवर लावली.

चित्रण नवशिक्याचेच होते. कॅमेरा भराभर इकडून तिकडे फिरत होता, केक कापताना झूम पुढे-मागे होत होता, मध्येच फरशी आणि कोणाच्या तरी चपला. शेवटी चित्रण करणारा गॅलरीत आला आणि अर्धा मिनिट स्थिर उभा राहिला. समोर सानपाड्याच्या बाजूची मोकळी जमीन, पाण्याची डबकी, बगळे आणि लांबवर खाडीची रेघ. आज तेथे इमारतींच्या रांगा आहेत. वाढदिवस आम्ही एकदा पाहिला. ते अर्धे मिनिट मात्र चार वेळा पाहिले.

दुसऱ्या कॅसेटवर 'वाशीगाव, होळी' असे लिहून खोडले होते आणि खाली 'मामाचे लग्न' असे लिहिले होते. होळी पुसली गेली होती. पुसणारे आम्हीच होतो.

घरच्या माणसाच्या हातात चालत्या चित्रांचा कॅमेरा कसा आला, आणि त्याने टिपलेले का टिकले किंवा का टिकले नाही, याचा इतिहास पाहावा असे त्या दिवशी वाटले. या इतिहासाचे पहिले पान मुंबईतच आहे.

एकवीस गिनींचा कॅमेरा

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जे लघुपट दाखवले, त्यांत ऑग्युस्त ल्युमिएर आपल्या तान्ह्या मुलीला भरवत आहेत असा एक होता. म्हणजे घरगुती चित्रण सिनेमाइतकेच जुने आहे. सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएर यांचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाले. ते पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मराठी छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या पेढीकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हा किंमत झाली २२ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये हा त्या काळचा दर धरला तर सुमारे ३३० रुपये. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी बोटीने लंडनला पाठवावी लागली. चित्रण जमले की बिघडले हे ती परत येईपर्यंत कळण्याची सोय नव्हती.

केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. भारतातील पहिला वार्तापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. गणिताच्या शिक्षकांना तो पाहायला नक्की आवडला असता. पण ती कुस्ती आणि ते स्वागत या दोन्ही फिल्म आज उपलब्ध नाहीत. उरले आहे ते त्यांचे वर्णन.

कुंडीतला वाटाणा

दुसरे उदाहरण विज्ञान शिकवणाऱ्यांच्या अधिक जवळचे आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांना या माध्यमाची ताकद पटवण्यासाठी त्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोप वाढत असताना थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर महिन्याभराची वाढ सुमारे मिनिटभरात दिसली. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट त्यानंतरचा, १९१३ सालचा.

फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. वर्गात हे गणित जरूर मांडावे. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवत. रोज एक याप्रमाणे महिन्याची ३० चित्रे होतील आणि खेळ दोन सेकंदांत संपेल. मिनिटभरासाठी ९६० चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला ३२. तेव्हा एक तर खेळ मिनिटभराचा नसावा किंवा चित्रे रोज एकाहून अधिक घेतली असावीत. अशी पडताळणी करायला विद्यार्थ्यांना भागाकारापलीकडे काही लागत नाही.

फिल्मकडून फितीकडे

यानंतर फिल्म अरुंद आणि स्वस्त होत गेली. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये 'सुपर ८' ही फिल्म आणली. तरीही सुपर ८ च्या पन्नास फुटी डबीत ३ मिनिटे २० सेकंदच मावत. धुण्याचा खर्च वेगळा. म्हणून फिल्म वापरणारा माणूस कंजूष असे. बटण दाबण्याआधी तो दोनदा विचार करी.

हे गणित चुंबकीय फितीने बदलले. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत बसवलेला सोनीचा 'बीटामूव्ही' १९८३ मध्ये आला, जेव्हीसीचा छोट्या कॅसेटचा कॅमकॉर्डर १९८४ मध्ये आणि आठ मिलिमीटर फितीचा पहिला 'हँडीकॅम' १९८५ मध्ये. भिंगामागे फिल्मऐवजी सीसीडी ही प्रकाशसंवेदी चकती बसवणे शक्य झाले होते. सीसीडीची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यासाठी त्यांचा वाटा होता.

फितीवर चित्र कसे मावते? गाण्याच्या कॅसेटमध्ये फीत स्थिर हेडसमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. चित्राचा संदेश कितीतरी अधिक वारंवारतेचा असल्याने फीत आणि हेड यांचा परस्परवेग काही मीटर प्रतिसेकंद असावा लागतो. सरळ फीतच तेवढी पळवली, तर तासाला सुमारे ११ किलोमीटर फीत लागेल! यावर उपाय म्हणून फिरता दंडगोल वापरला. आठ मिलिमीटरच्या कॅमकॉर्डरमध्ये ४० मिलिमीटर व्यासाचा दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेतो. परीघ काढून २५ ने गुणले की हेडचा वेग सेकंदाला ३.१४ मीटर येतो. फीत मात्र त्याच्याभोवती तिरकी गुंडाळलेली असते आणि सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटर सरकते. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात फितीवर एक तिरपी रेघ उमटते. एका रेघेत अर्धे चित्र, दोन रेघांत पूर्ण चित्र. अशा रीतीने ११ किलोमीटरचे काम सुमारे ७२ मीटरमध्ये होते.

अमेरिकेचा कॅमेरा, वाशीची ट्यूबलाइट

भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ च्या एशियाडबरोबर आले. त्यानंतर कॅमकॉर्डर हळूहळू आले ते बहुधा आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून. आमच्याकडेही एक असाच अमेरिकेहून आला होता. घरच्या टीव्हीला जोडला तर चित्र वर-खाली सरके आणि रंग दिसत नसत. आम्हाला वाटले, यंत्र प्रवासात बिघडले. प्रत्यक्षात ते एनटीएससी पद्धतीचे होते: ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आपली पद्धत पाल: ६२५ रेषा आणि २५ चित्रे.

त्या कॅमेऱ्याची आणखी एक खोड होती. ट्यूबलाइटखाली घेतलेले चित्र सतत लुकलुके. आपली वीज ५० हर्ट्झची; प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. पाल कॅमेरा सेकंदाला ५० अर्धचित्रे घेतो, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर दोन उजाळे येतात. अमेरिकी कॅमेरा सुमारे ६० अर्धचित्रे घेतो. १०० भागिले ६० म्हणजे एक पूर्णांक दोन तृतीयांश. त्यामुळे कोणाला जास्त प्रकाश मिळतो, कोणाला कमी. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि दिव्याचाही नव्हता. दोघांचा ताल जुळत नव्हता.

शहर वाढताना

नवी मुंबई हे या कॅमेऱ्यांच्या पिढीचेच शहर. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी त्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, या आराखड्यात आली. त्यात आगरी-कोळी वस्त्या, भातखाचरे आणि मिठागरे होती. १९९२ मध्ये महानगरपालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, वस्त्या हलल्या. २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले.

या बदलाचे नकाशे आणि सरकारी कागद आहेत. पण टेकडी असताना अंगणातून ती कशी दिसे, होळीच्या दिवशी गावात कोण कुठे उभे राही, हे कागदावर सापडत नाही. ते सापडलेच तर एखाद्या लग्नाच्या किंवा बारशाच्या चित्रणात, कोणाच्या तरी खांद्यामागे सापडेल.

आणि येथेच फितीचा गुण आड येतो. फिल्म हरवते, जळते, पण तिच्यावर दुसरे लग्न चढवता येत नाही. फीत पुन्हा वापरता येते हीच तिची जाहिरात होती, आणि आम्ही ती खरी मानली.

आता काय करावे

वेळ थोडा आहे. फितीवरील चुंबकीय कण ज्या चिकटद्रव्याने बसवलेले असतात, ते हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होते. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशीही लवकर धरते. यंत्रे तर त्याआधीच संपत आली आहेत. व्हीएचएस रेकॉर्डर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने फितींसाठी २०२५ ही अखेरची मुदत असल्याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता. ती मुदत उलटली आहे. पण आमची १९९४ ची कॅसेट चालली, म्हणजे सगळे संपलेले नाही.

शाळेने हा प्रकल्प घ्यावा असे आम्हाला वाटते. मुलांनी घरी आणि शेजारी विचारून जुन्या कॅसेटची यादी करावी. कॅसेटच्या कडेची छोटी सरकपट्टी सरकवून पुन्हा चित्रण होणार नाही असे करावे. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मुळीच चालवू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडेच द्यावी. चांगल्या कॅसेट संगणकावर उतरवून दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रात कोण आहे, जागा कोणती, साल कोणते, हे लिहून घ्यावे. फीत उद्याही उतरवता येईल कदाचित. सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.

आमच्या पुसलेल्या होळीचे काही सेकंद, लग्नाचे चित्रण संपल्यावर, कॅसेटच्या शेवटी शिल्लक निघाले. त्यात ज्वाला आहेत आणि एका वृद्ध शेजाऱ्याचा अर्धा चेहरा. त्यांचे नाव आता वाशीगावात कोणाला तरी विचारायचे आहे.