दूरस्थ शिक्षणशास्त्र पदव्युत्तर अभ्यासक्रम
सेवेतील शिक्षक, मुख्याध्यापक व शिक्षणाधिकारी यांना नोकरी न सोडता पदव्युत्तर पदवी घेता यावी, यासाठी मुक्त विद्यापीठांनी चालवलेले अभ्यासक्रम. भारतातील ठळक उदाहरण म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा (स्था. १९८५) एम.ए. (शिक्षणशास्त्र). विद्यार्थी घरी स्वयंअध्ययन साहित्य वाचतो, स्वाध्याय लिहून देतो, अभ्यासकेंद्रावर समुपदेशनाला जातो आणि सत्रान्त परीक्षा देतो. गुणांकनात स्वाध्यायांना साधारण ३० टक्के, परीक्षेला ७० टक्के भार असतो. उच्च शिक्षण, दूरशिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान व शैक्षणिक व्यवस्थापन ही विशेषीकरणाची क्षेत्रे. शाळा चालवणाऱ्यांना यांतले शेवटचे विशेष उपयोगी. प्रबंधिकेसाठी शिक्षकाला स्वतःच्या वर्गातलाच प्रश्न संशोधनाला घेता येतो. या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे. मात्र स्वाध्याय नुसते उतरवून काढले, तर हाती फक्त वेतनवाढीची आशा उरते. महाराष्ट्रात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्था. १९८९) शिक्षकांसाठी मराठी माध्यमाची वाट खुली केली.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही विद्याशाखीय पदवी आहे; एम.एड. ही व्यावसायिक पदवी वेगळी. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.