लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : एक सेनानी आणि त्यांचे दुर्लक्षित टिपण

मराठी मुलखातील लष्करी परंपरेचा विषय निघाला की आपली दृष्टी साहजिकच शिवकाल-पेशवाईकडे वळते. विसाव्या शतकातील मराठी सेनाधिकाऱ्यांचे चरित्र मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे अशांपैकी एक. त्यांच्या आयुष्याचा एक धागा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नावाशीही जुळलेला आहे.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. वडील रावबहादूर पी. सी. पाटील हे शेतीशास्त्राचे नामांकित जाणकार होते. शेती आणि विद्या या दोहोंची प्रतिष्ठा असलेल्या या घरातला मुलगा सैन्याकडे वळला. त्या काळी इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा राखलेल्या असत. तेथील शिक्षण पुरे करून १९२६ साली थोरात सेनाधिकारी झाले.

त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागली ती ब्रह्मदेशात, आराकानमधील कांगाव येथे, जानेवारी १९४५ मध्ये. ५१ व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते, ही त्या सैन्यातील अपूर्व गोष्ट. बलुच पलटणीवर एल. पी. सेन, दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीवर थोरात आणि हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर के. एस. थिमय्या होते. ही हैदराबाद रेजिमेंट म्हणजे निजामाच्या जुन्या फौजेतून घडलेली तुकडी. त्याच वर्षी तिला 'कुमाऊँ' हे नाव मिळाले. कांगावच्या लढाईत थोरातांच्या पलटणीने 'मेलरोज' नावाची टेकडी निकराने जिंकली. तिन्ही पलटणप्रमुखांना 'डी. एस. ओ.' हा सन्मान लाभला. हिंदी अधिकारी रणात नेतृत्व करू शकणार नाही, असे म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर होते.

कोरियन युद्धाची शस्त्रसंधी झाल्यावर १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या रखवालीसाठी भारताने जे दल पाठविले, त्याचे प्रमुख थोरात होते. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निःशस्त्र पट्ट्यात न्यावे लागले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या छावणीत शिरले आणि गोळीबार न करता त्याची सुटका करून घेतली. अशोकचक्र, दुसरा वर्ग (आजचे कीर्तिचक्र) आणि पद्मश्री हे त्यांचे पुढील बहुमान.

परंतु पदकांपेक्षाही इतिहासात मोलाचे ठरावे असे त्यांचे कार्य एका टिपणात आहे. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते. १९५९ साली लोंगजूची चकमक झाली आणि ईशान्य सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरातांनी वरिष्ठांना टिपण सादर केले. सीमारेषेवर विरळ ठाणी पसरून शत्रूला अडविता येणार नाही. त्याला आत येऊ द्यावे, त्याची रसद लांबू द्यावी आणि मागे, आपल्याला सोयीच्या जागी, खंबीरपणे लढावे, असा त्यातील विचाराचा गाभा होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' हा सराव घेऊन त्यांनी तो मांडूनही दाखविला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही.

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. थोरातांच्या जागी कांगावचेच सहकारी सेन आले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचा हल्ला झाला आणि महिन्याभरात बोमडिलाही पडले. पंडित नेहरूंनी पुढे थोरातांना बोलावून त्या टिपणाविषयी विचारले, असे थोरातांनीच १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांचा सल्ला मानला असता तर युद्ध जिंकलेच असते, असे कोणी म्हणू नये. टिपणातील योजना अमलात आणण्यास मनुष्यबळ, रस्ते आणि पैसा लागला असता. पण धोका कोणालाच दिसला नव्हता, ही सबब मात्र या टिपणामुळे उरत नाही.

निवृत्तीनंतर थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. पुत्र यशवंतराव पुढे नाबार्डचे अध्यक्ष झाले, तर स्नुषा उषाताई रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर. आजोबांचे शेतीज्ञान, वडिलांची सैन्यसेवा आणि मुलाचे ग्रामीण पतपुरवठ्यातील काम अशा तीन पिढ्या लोकसेवेच्या तीन वाटांनी गेल्या.

ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी या चरित्राचे स्मरण करण्याचे कारण एवढेच की, जाणत्याने वेळेवर लिहून ठेवलेला शब्द ज्याच्यासाठी लिहिला त्याने मनावर घेतला नाही, तर त्याचे मोल साऱ्या देशाला चुकवावे लागते. लिहिलेले जपणे हे ग्रंथालयाचे काम. ते वाचून मनावर घेणे हे वाचकाचे.