करवंदीची वई आणि मिठाची जकात

करवंदीची वई म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे परसाकडची सदाहरित, काटेरी भिंत उभी राहते. हेच झुडूप इंग्रजी अमदानीत जकातीच्या चाकरीस जुंपले गेले! मिठावरील कर कोणी चुकवू नये म्हणून सिंधूपासून महानदीच्या प्रदेशापर्यंत नाकेबंदी होती. १८६७ नंतर ॲलन ह्यूम यांनी तेथे वाळक्या काट्यांऐवजी करवंद, बाभूळ, बोर, निवडुंग यांची जिवंत वई वाढविली. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. रोपांसाठी त्यांनी चांगली माती आणविली, विहिरी खोदविल्या. तरी वाळवी, वणवा, बांडगुळे यांशी झुंज सुटली नाही. गरिबाच्या कालवणातले मीठ महाग ठेवण्यासाठी झाडांची एवढी निगा! १८७९ मध्ये नाकेबंदी उठली. मिठावरील कर मात्र १९४७ पर्यंत राहिला.