बंदुकीच्या आवाजाचें मोल

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडली असेल. बंदुकीचा आवाज आणि तो कमी करणारें नळकांडें यांचा घरसंसाराशीं काय संबंध, असें वाटणें साहजिक आहे. परंतु दारावरून मोटारसायकल फटफटत गेली, कीं ज्या सायलेन्सरच्या नांवानें आपण बोटें मोडतों, तो आणि बंदुकीचा सायलेन्सर हीं एकाच घरांतलीं भावंडें आहेत. शिवाय कोल्हापूरच्या माणसाला बंदुकीच्या आवाजाची गोष्ट मुळींच परकी नाहीं. म्हणून प्रथम आपल्याच डोंगरांत जाऊं.

इ. स. १६६० च्या जुलै महिन्यांत सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून निसटून शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, आणि घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे शत्रूला अडवून उभे राहिले. महाराज गडावर पोंचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हावयाचे, व ते कानीं पडेपर्यंत खिंड सोडावयाची नाहीं, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या कथेंतली तोफ कोणाचा जीव घेत नाहीं. ती केवळ निरोप देते. शस्त्राच्या आवाजाला एवढें मोल दुसऱ्या कोणत्या कथेंत आलें असेल, असें मला वाटत नाहीं.

त्या काळीं शस्त्र जड असणें व त्याचा आवाज मोठा असणें यांत कोणालाच वावगें वाटत नसे. जेजाल नांवाची लांब नळीची बंदूक हातांत तोलून धरणें कठीण, म्हणून ती तटाच्या भिंतीवर टेकवून उडवीत. जंबुरा त्याहूनहि जड. तो उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीला बसवीत. वजन वाढलें कीं टेकू बदलावयाचा, आवाजाचा विचार करावयाचाच नाहीं, अशी रीत होती. पुढें इंग्रजी अमदानींत तर आवाज हाच दर्जा ठरला. बडोदें, ग्वाल्हेर, हैदराबाद, म्हैसूर व काश्मीर या पांच संस्थानांच्या अधिपतींना एकवीस तोफांची सलामी होती, आणि कोल्हापूरच्या छत्रपतींना एकोणीस तोफांची. दोन बार कमी कीं अधिक, यावर दरबारांतलें मानाचें स्थान मोजलें जाई!

मात्र त्याच कोल्हापुरांत निःशब्द शिकारीचीहि परंपरा होती. शाहूमहाराजांच्या पदरीं शिकारी चित्ते होते. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत. टोपी काढली कीं क्षणार्धांत सारा खेळ आटोपे. बंदुकीचा बार झाला असता तर कळप पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत पळाला असता. आवाज हें शिकाऱ्याचें एक व्यंग आहे, ही गोष्ट आपल्याकडील जाणत्या शिकाऱ्यांना पक्की ठाऊक होती.

आतां जरा सातासमुद्रांपलीकडे जाऊं. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम या जन्मानें अमेरिकन गृहस्थानें १८८४ सालीं आपोआप गोळ्या झाडणारी तोफ तयार केली. मॅक्झिम गन या नांवानें ती जगभर गाजली. मात्र तिच्या जनकाला तिच्या आवाजानें चांगलेंच शासन केलें; उतारवयांत तो पार बहिरा झाला. आणि दैवाचा खेळ असा, कीं त्याच्याच मुलानें, हायरम पर्सी मॅक्झिम यानें, बंदुकीच्या तोंडाला कुलूप घालण्याचा उद्योग आरंभिला. न्हाणीघरांत मोरीच्या भोंकांतून पाणी भोंवरा घेत निःशब्द निघून जातांना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. १९०९ सालीं त्याला या उपकरणाचें पेटंट मिळालें. मोटारीच्या धुराड्याचा आवाज दाबण्याचें कामहि त्यानें याच तत्त्वावर केलें. विशेष म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकेंतील मोठी संघटना १९१४ सालीं उभी करण्यांत हाच गृहस्थ अग्रभागीं होता. बंदुकीला गप्प करूं पाहणाऱ्यानें आकाशवाणीला वाचा दिली म्हणा ना!

त्याच्या उपकरणाचें तत्त्व कोणाहि गृहिणीला पटकन समजेल. कुकरमधली वाफ एकदम सुटली तर केवढा आवाज होईल. तीच हळूहळू निघाली तर नुसती फुसफुसते. बंदुकींतून गोळीमागोमाग तापलेला वायु मोठ्या दाबानें बाहेर फुटतो. नळीच्या तोंडावरील नळकांड्याच्या आंत कप्पे असतात. त्यांत तो वायु पसरतो, निवतो, रेंगाळतो, आणि मग बाहेर पडतो.

परंतु बंदुकीचा आवाज एक नसून तीन आहेत. पहिला या वायूचा. तो नळकांडें बरेंच दाबतें. दुसरा गोळीचा. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो; जुन्या लष्करी ३०३ रायफलीची गोळी सुमारें ७४० मीटर जाते. ध्वनीला मागें टाकणारी गोळी वाटभर चाबकासारखा कडाका काढीत जाते, आणि नळीच्या तोंडाशीं बसविलेलें कोणतेंहि यंत्र त्याला आवर घालूं शकत नाहीं. तिसरा आवाज बंदुकीच्या खटक्याचा व दट्ट्याचा. हे तीन वेगळे ओळखले म्हणजे निरनिराळ्या सायलेन्सरांची तुलना सोपी होते. ती वजन, जोडणी आणि आवाज या तीन तराजूंत करावयाची.

मॅक्झिमचें नळकांडें लहान, हलकें व नळीच्या तोंडावर बसणारें होतें. त्यानें एक युक्ति केली: १९१० च्या नमुन्यांत गोळीचें भोंक मधोमध न ठेवतां वरच्या बाजूला घेतलें. त्यामुळें नळकांड्याचा फुगवटा खालीं राहून नेम धरणाऱ्याची दृष्टि अडत नसे. वजन व जोडणी या दोन्हींत तो पास झाला. आवाजांत मात्र अर्धाच, कारण भरधाव गोळीचा कडाका तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं उलट वाट धरली. विल्यम गॉडफ्री डी लाइल यांच्या नांवाच्या आंखूड रायफलींत नळकांडें नळीवर चढविलेलें नव्हतें. सबंध नळीच त्याच्या पोटांत होती. गोळी पिस्तुलाची, जड व मंद, ध्वनीहून सावकाश जाणारी. त्यामुळें पहिले दोन्ही आवाज जवळजवळ मिटले, आणि रात्रीच्या शांततेंत ऐकूं येई तो मुख्यतः दट्ट्याचा खटका. सबंध शस्त्राचें वजन पावणेचार किलोच्या घरांत, म्हणजे साध्या लष्करी रायफलीहून अधिक नव्हे. मग उणें कशांत? पल्ल्यांत! मंद गोळी दूरवर जोर धरीत नाहीं. अशा रायफली सुमारें १३० च तयार झाल्या.

आजच्या काळीं टायटॅनियम धातूचें नळकांडें तीनचारशें ग्रॅमांत बसतें. पोलादी त्याच्या दीडपट-दुप्पट भरतें, पण तापलें तरी दम धरतें. तीनचारशें ग्रॅम म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणेल. त्यानें हातभर काठीच्या टोकाला पावशेर-अर्धाशेर वजन बांधून ती पांच मिनिटें आडवी धरून पाहावी! यासाठीं कांहीं नळकांडीं नळीवरून मागें सरकविलेलीं असतात. लांबी कमी वाढते, तोल हाताजवळ येतो. जोडणीचेहि दोन प्रकार. आट्यांवर फिरवून बसविलेलें हलकें व सरळ राहतें, पण ढिलें पडूं शकतें. झटक्यांत बसणारें व निघणारें सोयीचें, पण त्याचें कुलूपच वजन वाढवितें. शिवाय कोणतेंहि नळकांडें चढविलें कीं नेम थोडासा सरकतोच, तो पुन्हा लावून घ्यावा लागतो. आणि वांकडें बसलें तर गोळी आंतल्या कप्प्यालाच भिडते. सारांश, एका तराजूंत मिळविलें तें दुसऱ्यांत भरावें लागतें.

आणि आवाज? चित्रपटांत सायलेन्सरची बंदूक कुजबुजते, तें निव्वळ खोटें आहे. आपलें साधें बोलणें सुमारें ६० डेसिबल. रायफलीचा बार १५५ ते १७० च्या दरम्यान. चांगलें नळकांडें त्यांतून वीस ते पस्तीस डेसिबल उणे करतें. म्हणजे उरतो तोहि आवाज दचकविणाराच. क्षणिक आवाजासाठीं १४० ही धोक्याची रेषा मानतात. तिच्या अलीकडे कान आणून सोडणें, एवढेंच या यंत्राचें खरें काम.

हें काम क्षुल्लक नव्हे. शिक्षक असतांना मुलांना घेऊन मी एकदां नेमबाजीच्या मैदानावर गेलों होतों. कानांत घालावयाला कापूसहि कोणीं दिला नव्हता, आणि मलाहि मागण्याचें सुचलें नाहीं. दिवसभर कान भणाणत राहिले, आणि त्यांतला एक विद्यार्थी रात्रीं मला विचारीत होता, "गुरुजी, हा आवाज थांबणार केव्हां?" उजव्या खांद्याला दस्ता लावणाराचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळें तो अधिक मार खातो, हें मला पुढें समजलें. गेलेलें ऐकणें परत येत नाहीं. फिनलंड, नॉर्वे या देशांत शिकारी सर्रास सायलेन्सर वापरतात, त्याला हेंच कारण सांगतात, आणि तें खोटें नाहीं.

मग आपणहि तसेंच कां करूं नये? उत्तर आपल्या राधानगरीच्या रानांत आहे. दाजीपूरचें जंगल एके काळीं छत्रपतींचें शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तें गव्यांसाठीं अभयारण्य झालें, आणि १९७२ च्या कायद्यानें देशभर वन्यप्राण्यांना संरक्षण मिळालें. त्या घनदाट रानांत चोरून शिकार करणाऱ्याची चुगली कोण करतो? त्याच्याच बंदुकीचा बार. दोन डोंगरांपलीकडे तो ऐकूं येतो आणि वनरक्षक त्या दिशेला वळतो. हा साक्षीदार गप्प झाला तर गव्यानें फिर्याद कोठें करावी? अमेरिकेनेंहि १९३४ सालीं या उपकरणावर त्याच्या किंमतीच्या कैक पट, दोनशें डॉलरांचा कर बसविला होता. आपल्या शस्त्रनियमांत आवाज किंवा भडका कमी करणारीं उपांगें निषिद्ध वर्गांत घातलीं आहेत, तें मला उचित वाटतें.

राहिला कानांचा प्रश्न. त्याचें उत्तर कोल्हापूरच्याच मुलांनीं दिलें आहे. तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर रायफलींत जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. त्यांच्या खेळांत रायफल आठ किलोपर्यंत चालते, आणि नेमबाज वापरतात ती गोळी बहुधा ध्वनीहून मंद, म्हणून कडाका नाहीं. उरला नळीचा आवाज. त्यासाठीं नेमबाज आपले कान झांकून घेतो. गरज भागते, आणि कोणाची साक्षहि बुडत नाहीं.

विशाळगडाच्या तोफेनें एकदां निरोप पोंचविला. आज रानांतला बारहि निरोपच पोंचवितो, फक्त ऐकणारा बदलला आहे. म्हणून शिक्षकाच्या संवयीनें एवढेंच सांगून रजा घेतों: कान जरूर झांका, बंदुकीचें तोंड झांकूं नका.