मूक पिढीतले राजा ढाले

बूमर म्हणजे कालबाह्य, जेन झी म्हणजे कामचुकार. कंपन्यांचे एचआरवाले असे शिक्के मारतात आणि आपली पोरंही ते व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतात. मित्रांनो, हे शिक्के अमेरिकेतले. महायुद्धानंतर तिथे जन्मदर वाढला म्हणून १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले ‘बूमर’. त्याआधीची ‘सायलेंट’, म्हणजे मूक पिढी.

ही मोजपट्टी दलित पँथरला लावून पाहा. ढसाळांचा जन्म १९४९ चा, म्हणून ते बूमर. ढाल्यांचा १९४० चा, म्हणून ते मूक! १९७२ साली ‘साधना’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहून महाराष्ट्र हादरवणारा माणूस मूक?

१९२८ साली जर्मनीत कार्ल मानहाइमने लिहिलं की नुसतं एका काळात जन्मून पिढी होत नाही. एकाच ऐतिहासिक उलथापालथीत ओढले गेलेले लोक पिढी होतात. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. वतनदार हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपायचे. कोवळं पोर काय, म्हातारा काय, जातीच्या कामाला वय नव्हतंच. सास्तूर तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथे मुंबईचा कायदा चालत नव्हता. पण गावगाडा तोच. साठीतला सालगडी ‘गडी’च राहायचा आणि मालकाचं दहा वर्षांचं पोर त्याला अरे-तुरे करायचं.

सास्तूरची पिढी मोजायची तर ३० सप्टेंबर १९९३ पासून मोजा. त्या पहाटे गाव जमीनदोस्त झालं. साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या हिवाळ्यात विशीत असलेला आणि पन्नाशीत असलेला, दोघांनी एकच काळ पाहिला. त्यांना वेगळ्या खोक्यांत कोण टाकणार?

आणि जन्मसाल तरी खरं कुठे असतं? आपल्याकडे कितीतरी जुन्या दाखल्यांवर जन्मतारीख १ जून. गुरुजींनी अंदाजे टाकलेली. त्याच अंदाजावर नोकरीची वयोमर्यादा आणि निवृत्ती ठरते. ज्याला नोकरीच नाही त्याचं काय? रोजगार हमीला किमान वय अठरा, वरची मर्यादा नाही. सत्तरीतली बाईही कामावर हजर असते. तिला बूमर म्हणायचं असेल, तर आधी तिची पेन्शन कुठे आहे ते सांगा.