सुटला म्हणजे निर्दोष? शेखाडीच्या खटल्यातले 23 जण

आजचा एपिसोड माझ्या गावाकडचा आहे. गाव बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड.

पुण्यात ऑफिसमध्ये कोणी गाव विचारलं की मी "दिवेआगरच्या बाजूला" असं सांगतो. बहुतेकांना बीच आठवतो. एक जण मात्र हसत म्हणाला, "अरे, ते आरडीएक्स उतरलं तिकडचा का तू?" मीही हसलो. पण तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता राव!

आधी काय घडलं ते बघू. दिवेआगरहून किनाऱ्याने श्रीवर्धनला जाताना शेखाडी लागतं. फेब्रुवारी 1993 मध्ये तिथे समुद्रातून आरडीएक्स आणि शस्त्रं उतरवली गेली. 12 मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. 257 माणसं गेली. खटला टाडा कायद्याखाली, आर्थर रोड जेलमधल्या विशेष कोर्टात चालला. सप्टेंबर 2006 पासून न्यायाधीश प्रमोद कोदे एकेका आरोपीचा निकाल सांगत गेले. एकूण 123 आरोपी. 100 दोषी ठरले, 23 सुटले.

आज मला या 23 जणांबद्दल बोलायचंय.

अशा वेळी आपले पेपर छापतात, "निर्दोष मुक्तता". आणि एसटी स्टँडवर चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, "सुटला रे, पण केलं नसेल असं थोडंच आहे?" गंमत बघा, कोर्ट यातलं काहीच म्हणालेलं नसतं. कोर्टापुढे प्रश्न एकच असतो: सरकारी पक्षाने हा आरोप संशयाला जागा न ठेवता सिद्ध केला का? उत्तर "नाही" आलं की माणूस सुटतो. त्याने खरंच काही केलं नव्हतं का, हा वेगळा प्रश्न आहे. कधी निकालपत्रात त्याचंही उत्तर सापडतं, पण ते द्यायलाच हवं असं कोर्टावर बंधन नाही.

आमच्या टेस्टिंगमध्येही असंच असतं. टेस्ट पास झाली म्हणजे त्या टेस्टला बग सापडला नाही, एवढंच. आणि प्रत्येक टेस्ट वेगळी. याच खटल्यात संजय दत्त टाडाच्या आरोपांतून सुटला, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. एकच माणूस, एकच खटला, दोन उत्तरं.

स्कॉटलंडमध्ये तर शेकडो वर्षं तिसरा निकाल होता, "सिद्ध झालं नाही". शिक्षा नाही, पण संशय कायम. 2025 मध्ये तिथल्या संसदेने तो बंद करायचं ठरवलं.

मग एसटी स्टँडवरचे काका बरोबर का? मला नाही वाटत. एक गोष्ट लक्षात घ्या. टाडामध्ये वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाबही पुरावा धरला जायचा. साध्या कायद्यात तो चालत नाही. जामीन मिळणंही महाकठीण. म्हणजे कायदा सरकारी पक्षाकडे इतका झुकलेला असूनही या 23 जणांवरचे आरोप टिकले नाहीत. आणि तोवर 13 वर्षं उलटली होती. तेव्हा जन्मलेलं पोर आठवीत गेलं असेल.

तरीही मी त्यांना "निर्दोष" म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. "दोषी" तर मुळीच म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करायला सरकारला पूर्ण संधी मिळाली होती. आपल्याकडे "दोषमुक्त" हा नेमका शब्द आहे. तो वापरूया. इतिहास लिहिणाऱ्याने पुरावे पुन्हा तपासावेत, प्रश्न विचारावेत. पण शेजाऱ्याने त्या माणसाला लग्नाचं आमंत्रण द्यावं, त्याच्या पोराला नोकरी द्यावी. कोर्टाने जी शिक्षा दिली नाही, ती गावाने का द्यायची?

आणि हो, मी त्या यादीत कधीच नव्हतो. फक्त बोर्लीचा आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!