वय हा पुरावा नव्हे

भोपाळच्या चार इमलीतला सरकारी बंगला सोडण्याची वेळ आली की निवृत्त अधिकाऱ्याच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. सामानाची बांधाबांध चालू असते, अरेरा कॉलनीतला किंवा कोलार रोडवरचा फ्लॅट ठरलेला असतो आणि घरातला जुना कुत्रा जाऊन वर्ष होत आलेले असते. आता दुसरा आणायचा का? पुण्याची मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, आता नको. स्वतःचं वय बघा." शेजारचे निवृत्त सचिव तेच सांगतात, भिशीतल्या मैत्रिणी आईला तेच सांगतात. सगळ्यांचे इतके एकमत असते की ते मत तपासून पाहावे असे कुणाच्या मनातही येत नाही. मला ते तपासायचे आहे. माझ्या मते ते चूक आहे आणि त्या चुकीची किंमत माणूस आणि प्राणी असे दोघेही मोजतात.

आधी पूर्वपक्ष मांडतो. तो मांडणारी माणसे निर्दय नाहीत. बहुतेकांचा आक्षेप प्रेमातूनच आलेला असतो. त्यांचे म्हणणे असे. कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो, मांजर त्याहूनही जास्त. सत्तरीत पिल्लू आणणारा माणूस त्याला अर्ध्या वाटेत सोडून जाण्याचा संभव मोठा, मग त्या मुक्या जिवाचे कोण बघणार? दुसरे, म्हातारी हाडे ठिसूळ असतात, कुत्र्याच्या एका हिसक्याने खुबा मोडतो. तिसरे, उतारवय पाश सोडवण्याचे असते, नवे गुंतण्याचे नव्हे. चौथे, प्राणी घरात आला की प्रवास संपला आणि शेवटी सगळा भार मुलांवरच. हे आक्षेप पोकळ नाहीत. पहिल्या दोहोंत तर सत्याचा मोठा अंश आहे. पण अंश सत्य असला म्हणून निष्कर्ष सत्य ठरत नाही.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून तो आधी घेऊ. नमुना नोंदणीच्या तक्त्यांप्रमाणे साठीला पोहोचलेल्या भारतीयाला सरासरी आणखी सुमारे सतरा-अठरा वर्षे मिळतात. मध्य प्रदेशात राज्य सरकारचा कर्मचारी २०१८ पासून बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याने निवृत्तीच्या आठवड्यात लॅब्राडोरचे पिल्लू आणले, तर त्या जातीच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्याचा हिशेब त्याच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत जातो. म्हणजे सरासरीचेच बोट धरायचे, तर आक्षेप बासष्टीला लागू होत नाही. पंचाहत्तरीला मात्र तो पिल्लाबाबत पुरता लागू होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मांजराबाबत तर आणखी आधीपासून.

पण पिल्लूच का? या आक्षेपाची सगळी इमारत एका न बोललेल्या गृहीतावर उभी आहे: प्राणी पाळणे म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणणे. सात-आठ वर्षांचा शांत झालेला देशी कुत्रा कुणालाच हवा नसतो. निवाऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांत पिल्लांना घरे लवकर मिळतात, प्रौढ कुत्री मागे राहतात. त्या कुत्र्यापुढे चार-सहा वर्षे आहेत आणि पंचाहत्तरीच्या माणसापुढेही निदान तेवढी आशा आहे. शिवाय अशा कुत्र्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. तो ओढतो की नाही, लहान मुलांवर गुरगुरतो का, लिफ्टमध्ये घाबरतो का, हे पाहून मगच त्याला घरी आणता येते. पिल्लाच्या बाबतीत हे सगळे नशिबावर सोडावे लागते. दोन उतारवये एका छपराखाली आली तर त्यात अन्याय कुणावर होतो? त्या कुत्र्यावर नक्कीच नाही. त्याच्यापुढे दुसरा पर्याय पिंजऱ्याचा असतो, नाहीतर रस्त्याचा.

आणि मृत्यू वय विचारून येतो, हे कुणी ठरवले? २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली वायुगळतीची रात्र या शहराने पाहिली आहे. कोविडच्या लाटेतला २०२१ चा एप्रिल-मे तर कालपरवाचा. तेव्हा चाळिशीतली घरे रिकामी झाली. पस्तिशीच्या जोडप्याला कुत्रा घेताना कुणी विचारत नाही की तुमच्यामागे याचे कोण बघणार. बदली झाली, बाळ झाले, परदेशी नोकरी लागली आणि कुत्रा कुणाच्या तरी शेतावर सोडला, अशा गोष्टी प्रत्येक कॉलनीत ऐकू येतात आणि त्यांत म्हातारी माणसे क्वचितच असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा मानते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, ही रक्कम लाजिरवाणी आहे. पण कायद्याचे बोट सोडून देण्याकडे आहे, वयाकडे नाही. प्रश्न खरा आहे. तो फक्त म्हाताऱ्यांनाच विचारणे खरे नाही.

दुसऱ्या आक्षेपासाठी विरोधकांच्या हाती मीच आकडे देतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये हिशेब मांडला: कुत्र्या-मांजरांमुळे पडून इजा होण्याच्या घटना वर्षाला ८६ हजारांहून जास्त, त्यांतल्या बहुतेक कुत्र्यांमुळे. २०१९ मध्ये तिथल्या शल्यचिकित्सकांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोरीला बांधलेला कुत्रा फिरवताना पासष्टीच्या पुढच्या माणसांना होणाऱ्या अस्थिभंगांचा त्यांचा अंदाज २००४ मध्ये १,६७१ होता, २०१७ मध्ये ४,३९६ झाला. हे आकडे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पण ते काय मोजतात? ते पडणे मोजतात. त्याच कुत्र्यामुळे जी माणसे रोज दोनदा घराबाहेर पडली आणि म्हणून ज्यांच्या पायांत ताकद टिकली, त्यांची नोंद कुठल्याही रुग्णालयाच्या वहीत होत नाही. एकाच बाजूच्या नोंदींवर निकाल कोणता न्यायाधीश देईल?

पडण्याची कारणेही पाहिली पाहिजेत. तरुण, ओढणारा कुत्रा. मनगटाला वेटोळे घालून धरलेली दोरी. रात्री अंधारात पायांत आलेले जनावर. यांतले एकही कारण अटळ नाही. चार इमली आणि अरेरा कॉलनीच्या मध्ये जो एकांत पार्क आहे, तिथे सकाळी एक आजी दिसतात. उजव्या हातात काठी, डाव्या हातात आखूड दोरी, तीही नुसती मुठीत धरलेली. हिसका बसलाच तर सुटून जाईल अशी. कुत्रा देशी, तोंडाभोवती पांढरा झालेला. पायरी आली की आजी थांबतात, तोही थांबतो. त्याच्या गळपट्ट्याला एक घुंगरू आहे. रात्री उठले की हा कुठे आहे ते आवाजावरून कळते, असे त्या सांगतात. पाण्याचे भांडे वाटेत नाही, बाल्कनीच्या कोपऱ्यात. एवढी खबरदारी कुणालाही घेता येते. ज्यांना कंपवात आहे, वारंवार चक्कर येते, हाडे फारच ठिसूळ झाली आहेत, त्यांनी कुत्रा फिरवू नये, हेही तितकेच खरे. पण तो निकाल त्यांच्या प्रकृतीवरून झाला, जन्मसालावरून नव्हे.

उलट बाजूचा पुरावा मांडताना मी हात राखून मांडणार आहे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तिघे दगावले, प्राणी नसलेल्या ३९ पैकी अकरा. आकडा ठसतो, पण नमुना लहान आहे. २०१७ चा स्वीडनमधला अभ्यास मोठा: चाळीस ते ऐंशी वयाच्या ३४ लाख लोकांच्या सरकारी नोंदी. एकट्याने राहणाऱ्यांत कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. यावरून कुत्र्यामुळे आयुष्य वाढते असे मी म्हणणार नाही. ज्यांची प्रकृती मुळात चांगली असते तेच कुत्रा पाळतात, अशीही शक्यता आहे आणि ती या अभ्यासांनी पुरती निकालात काढलेली नाही. मी इतकेच म्हणतो की 'म्हातारपणी प्राणी म्हणजे जिवाला धोका' हे विधान या पुराव्यापुढे टिकत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक एकट्या राहणाऱ्यांतच दिसावा, याचा विचार व्हिडिओ कॉलवरून 'नको' म्हणणाऱ्या मुलांनी जरूर करावा.

तिसरा आक्षेप आपल्या घरांत सर्वांत खोल रुजलेला आहे. त्याच्यामागे भागवताचा आधार आहे असे समजले जाते. पाचव्या स्कंधात राजा भरत राज्य सोडून वनात येतो, गंडकीच्या काठी तप करतो. सिंहाच्या डरकाळीने घाबरून नदीवरून उडी घेतलेली गाभण हरिणी मरते, तिचे पाडस तो वाचवतो, त्यात गुंततो आणि पुढच्या जन्मी हरीण होतो. म्हणून उतारवयात प्राण्याचा लळा नको, असा बोध कीर्तनांतून आपल्यापर्यंत आला. पण कथेत दोष नेमका कुठे ठेवला आहे? पाडसाला पाण्यातून उचलण्याला भागवत नावे ठेवत नाही. ते सांगते की भरताचे यमनियम एकेक करून सुटत गेले आणि अखेर सगळेच सुटले. दोष नेम सुटण्यात आहे. आता निवृत्त माणसाच्या दिवसाकडे पाहा. कचेरी सुटली की उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, बाहेर पडण्याचे कारण हे सगळे एकेक करून सुटू लागते. घरात कुत्रा असला की साडेपाचला उठावेच लागते, पाऊस असो वा थंडी. भरताचा नेम पाडसाने मोडला. इथे मोडू लागलेला नेम प्राणी परत बसवतो. मग भरताची कथा कुणाच्या बाजूने साक्ष देते?

आणि आपल्या परंपरेत या प्रश्नावर दुसरी साक्षही आहे, तिचे नाव मात्र या वादात कुणी काढत नाही. महाभारताचे महाप्रस्थानिक पर्व हे सर्वसंगपरित्यागाचे पर्व आहे. राज्य सोडले, वाटेत द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले. म्हातारा युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. अखेर इंद्र रथ घेऊन येतो आणि बरोबरच्या कुत्र्याला सोड म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो: आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. हा कुत्रा त्याने पाळलेलाही नव्हता, आपणहून मागे आलेला होता. तरी सगळे सोडणाऱ्याने एवढे सोडले नाही. वानप्रस्थाचा दाखला देणाऱ्यांनी तो शेवटच्या पर्वांपर्यंत वाचावा.

चौथा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचे उत्तर बरेचसे नियमांत आहे. रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोन किंवा चार जणांचा पूर्ण कक्ष आरक्षित केला तर कुत्रा सोबत नेता येतो. खर्चीक आहे, पण अशक्य नाही. सोसायटी बंदी घालेल ही भीतीही निराधार: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मुलांवर भार पडेल, ही चिंता मात्र रास्त आहे. ती मुलांना न विचारता प्राणी आणणाऱ्या आई-वडिलांना जेवढी लागू, तेवढीच आई-वडिलांना न विचारता वाढदिवसाला पिल्लू पाठवणाऱ्या मुलांनाही. आईच्या सोबतीला म्हणून तीन महिन्यांचे उड्या मारणारे पिल्लू पाठवायचे आणि आपण दिवाळीलाही यायचे नाही, हा प्रकार मी पाहिला आहे. त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. पोपट आणून देणाऱ्यांसाठी तर वेगळेच उत्तर आहे: आपला देशी मिठू १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.

आता राहिला पहिल्या आक्षेपाचा गाभा: मागे कोण? याला उत्तर आहे आणि ते कागदावर देता येते. आपल्या कायद्यात प्राणी ही मालमत्ता आहे, त्यामुळे कुत्र्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. पण कुत्रा आणि त्याच्या सांभाळाचे पैसे एका माणसाच्या नावे ठेवता येतात. मृत्युपत्राला मुद्रांकाची गरज नाही, नोंदणीची सक्ती नाही; सही आणि दोन साक्षीदार पुरतात. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी शहाऐंशीव्या वर्षी गेले. त्यांचा टिटो हा जर्मन शेफर्ड त्यांनी ऐंशीच्या आसपास असताना आणलेला होता आणि त्याचा सांभाळ घरातल्या जुन्या आचाऱ्याकडे सोपवल्याचे वृत्तपत्रांनी छापले. ते टाटा होते, असे कुणी म्हणेल. पण त्या तरतुदीत निर्णायक गोष्ट पैसा होती की माणूस? पैसा कितीही असता आणि माणूस ठरलेला नसता, तर टिटो पोरकाच झाला असता. असे नाव भोपाळच्या निवृत्त कारकुनालाही ठरवता येते: भाची, शेजारचा मुलगा, वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या बाई. त्यांना आधी विचारलेले असावे, त्यांनी स्पष्ट 'हो' म्हटलेले असावे आणि लसीकरणाची वही कुठे ठेवली आहे हे त्यांना माहीत असावे.

ज्यांच्याकडे असे एकही नाव नाही, त्यांनी प्राणी आणू नये. मग ते सत्तरीचे असोत की सत्ताविशीचे. इथे मी पूर्वपक्षाच्या शेजारी उभा आहे. पण नाव ठरलेले आहे, प्रकृती सांभाळण्यासारखी आहे, आणायचा कुत्रा प्रौढ आहे, आणि तरीही 'तुमचं वय बघा' एवढेच कारण पुढे केले जात असेल, तर पुराव्याचा भार ज्यांना हवे आहे त्यांच्यावर नाही, नको म्हणणाऱ्यांवर आहे. तो पुरावा मला अजून कुणी दिलेला नाही.